टोड विचित्र वागतोय? आधी घड्याळ पाहा

कुत्रा आजारी पडला की घरभर कळतं. तो कण्हतो, पायाशी येऊन बसतो, डोळ्यांत डोळे घालून बघतो. बेडकासारखा दिसणारा टोड यातलं काहीच करत नाही. बरा असतो तेव्हाही ढिम्म, आजारी असतो तेव्हाही ढिम्म. मध्येच कधी हालचाल केलीच, तर ती अशी की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. पाठीला कुबड काढून तोंड वासतो. मागच्या पायाचं एकच बोट थरथरवतो. अंग टम्म फुगवतो. पाण्याच्या वाटीत दिवसभर बसून राहतो. हातात घेतला की चिवचिवतो.

अमेरिकेत, इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांत हा प्राणी बहुतेक वेळा मुलांच्या हट्टापायी येतो. मूल थोडे दिवस कौतुक करतं, मग जबाबदारी आईबाबांच्या गळ्यात पडते, आणि रात्री अकरा वाजता काचपेटीसमोर उभं राहून "हा मरतोय की काय?" हा प्रश्नही त्यांनाच पडतो. हा लेख त्यांच्यासाठी.

टोड म्हणजे आपल्या पुस्तकांतला भेक: कोरड्या, खडबडीत कातडीचा, आखूड पायांचा, उड्यांपेक्षा चालणं पसंत करणारा बेडकाचा भाऊबंद. अमेरिकेत घरोघरी दिसतो तो अमेरिकन टोड, युरोपात कॉमन टोड, आणि हौशी लोकांकडे भलामोठा केन टोड. लाल-काळ्या पोटाचा फायर-बेलीड टोड दुकानात टोड म्हणूनच मिळतो, पण त्याचं घराणं वेगळं. जूनमध्ये अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपत बसणारा आपल्याकडचा भेक खऱ्या टोडांच्याच कुळातला, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यालाही लागू आहे. त्याला मात्र उचलून घरात आणू नका. त्याचं बाहेर उत्तम चाललेलं असतं.

टोडच्या जवळजवळ प्रत्येक विचित्र हालचालीला दोन अर्थ असतात, एक रोजचा आणि एक आजाराचा. नुसती हालचाल पाहून ते वेगळे करता येत नाहीत. फरक कळतो तो वेळेवरून. त्याआधी काय झालं होतं, प्रकार किती वेळ चालला, आणि संपल्यावर टोड पुन्हा पहिल्यासारखा बसला का, एवढं पाहिलं की निम्म्याहून अधिक कोडी सुटतात. म्हणून टोड काही वेगळं करताना दिसला की आधी फोन काढा, व्हिडिओ सुरू करा आणि वेळ बघा. घाबरायला नंतर भरपूर वेळ मिळतो.

तोंड वासणं, कुबड काढणं

सर्वांत जास्त घाबरवणारा प्रकार हाच, आणि बहुतेक वेळा तो असतो कात टाकण्याचा. साप कात टाकतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. टोडही टाकतो, फक्त ती मागे सोडत नाही, खाऊन टाकतो. त्यामुळे काचपेटीत पुरावा असा काही उरत नाही आणि कित्येक पाळणाऱ्यांना वर्षभर पत्ताच नसतो.

जवळून पाहिलं तर क्रम असा दिसतो. आधी कातडी मळकट, निस्तेज होते. मग एखाद्या रात्री टोड मागचे पाय ताणतो, पाठ कमानीसारखी उचलतो, डोकं खाली घालतो आणि डोळे मिटतो. अंगावर ओलसर चकाकी येते. पाठीच्या आणि पोटाच्या मधोमध कात उसवते. मग तो तोंड उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. घशात काहीतरी अडकलंय किंवा उलटी होतेय असं वाटावं, अगदी तसं. नीट पाहिलं तर तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून एक पातळ, पारदर्शक पापुद्रा आत ओढला जात असतो. मागच्या पायांनी तो कुशी घासतो, पुढच्या पायांनी गाल पुसतो, आणि शेवटी स्वेटर काढताना आपण बाही ओढून काढतो तशी पुढच्या पायांवरची कात तोंडाने ओढून घेतो. दोनचार घोट, आणि संपलं. टोड ओला, चकचकीत, जणू काही झालंच नाही अशा थाटात बसलेला.

हे सगळं काही मिनिटांत, फार तर तासाभरात आटोपतं. किती दिवसांनी होतं ते वयावर आणि तापमानावर अवलंबून असतं: पिल्लं झपाट्याने वाढतात म्हणून वरचेवर, मोठे टोड सावकाश, उबेत लवकर, थंडीत उशिरा. कात टाकण्याच्या आदल्या दिवशी जेवण नाकारणं आणि पाण्यात जाऊन बसणं हेही त्यातच आलं. टोडची कातडी हे त्याचं पाणी पिण्याचं आणि काही प्रमाणात श्वास घेण्याचंही साधन असतं, त्यामुळे ती वारंवार नवी करणं त्याला भाग असतं. जुन्या कातीबरोबर तिच्यावर वाढलेले जंतूही निघून जातात. खाण्याचं कारण सरळ आहे. प्रथिनं फुकट कशाला घालवायची?

आता याचीच दुसरी बाजू. टोड सारखी सारखी कात टाकतोय, तिचे तुकडे अंगाला लोंबताहेत किंवा पाण्यात तरंगताहेत, आणि प्रकार संपल्यावरही तो सुस्त, पाय पसरून पडलेला आहे, तर कायट्रिड या बुरशीचा संशय घ्यायला हवा. जगभर बेडकांच्या कित्येक जाती या बुरशीने संपवल्या, पण तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते १९९९ साली. ती कातडीच्या वरच्या थरात घर करते. अंगातले क्षार शोषणं आणि राखणं हे काम कातडीच करत असते, तेच बिघडतं. रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय थांबतं. मृत्यू असा होतो हे संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं. घरी करण्याजोगी एक खूण आहे. टोडला हलक्या हाताने उताणा केला की निरोगी टोड लगेच पालथा होतो. उताणाच पडून राहिला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. ही परीक्षा एकदाच घ्यायची, खेळ म्हणून पुन्हा पुन्हा नाही.

ही बुरशी सह्याद्रीतल्या बेडकांवरही आढळली आहे. म्हणून पाळलेला टोड कधीही बाहेर सोडू नये, आणि त्याच्या पेटीतलं पाणी बागेत किंवा ओढ्यात ओतू नये. "निसर्गात सोडून दिला" हे ऐकायला छान वाटतं, पण त्याच्यासोबत आपण काय सोडतो ते दिसत नाही.

तोंड वासण्याचं तिसरं कारण क्वचित पाहायला मिळतं: खरीखुरी उलटी. टोड नकोसं काही गिळला तर नुसतं अन्न बाहेर टाकत नाही. अख्खं जठर तोंडातून उलटं बाहेर काढतो आणि पुढच्या पायाने पुसतो! त्यातही बहुतेक वेळा उजव्याच पायाने, कारण बाहेर आलेलं जठर तोंडाच्या उजव्या बाजूला लोंबतं. "टोड उजखोरे का असतात" या प्रश्नाचं हे उत्तर १९९६ साली प्रसिद्ध झालं आणि मला ते आजही तितकंच अजब वाटतं. जपानमधल्या कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये टोडांना बॉम्बार्डियर भुंगे खाऊ घातले. हा भुंगा पोटातून उकळता रासायनिक फवारा मारतो. टोडांनी गिळलेल्या भुंग्यांपैकी ४३ टक्के ओकून बाहेर टाकले, कुणी १२ मिनिटांनी, तर कुणी १०७ मिनिटांनी, आणि भुंगे जिवंत चालते झाले. तेव्हा एकदा उलटी करून टोड शांत बसला तर त्याने काय खाल्लं होतं ते आठवा. बागेतले अनोळखी किडे त्याला देऊ नका, आणि काजवे तर मुळीच नाही, त्यांच्यात विष असतं. उलटी पुन्हा पुन्हा होत असेल किंवा टोड बंद तोंडाने गळा हलवण्याऐवजी तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर मात्र डॉक्टर गाठा. नुसती गळ्याची सततची धडधड काळजीची नाही. टोडला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) नसतं, तो गळ्यानेच हवा आत ढकलतो.

समोर रातकिडा, आणि हा बघत बसलाय

"खात नाही" ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. त्यासाठी टोडला जग कसं दिसतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

जर्मनीतल्या कासेल विद्यापीठात यॉर्ग-पेटर एवर्ट यांनी कित्येक वर्षं याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी टोडसमोर पुठ्ठ्याची एक साधी काळी पट्टी फिरवली. पट्टी आडवी धरून लांबीच्या दिशेने सरकवली, म्हणजे गांडूळ सरपटावं तशी, की टोड वळायचा, पुढे यायचा, झडप घालायचा. तीच पट्टी उभी धरून त्याच वेगाने त्याच दिशेला नेली, की टोड ढुंकून बघायचा नाही, कधी तर दबून बसायचा. पट्टी तीच, रंग तोच. फक्त चालण्याची दिशा आणि आकाराची लांबी जुळली की त्याच्या लेखी ते अन्न. हा निवाडा मेंदूच्या कोणत्या भागात होतो तेही त्यांनी शोधलं. त्यातला एक विशिष्ट भाग निकामी केला की टोड हलणाऱ्या कशावरही झडप घालू लागतो, स्वतःच्या पायावरसुद्धा.

घरच्या काचपेटीत याचा अर्थ असा की हलत नाही ते अन्न नाही. मेलेला रातकिडा नाकासमोर ठेवला तरी त्याच्यासाठी तो नसल्यात जमा. चिमट्याने अळी देत असाल तर ती तिच्या लांबीच्या दिशेने हळूच ओढा, वरखाली नाचवू नका. तुमच्या बोटावर तो झडप घालतो तेही चिडून नाही. आडवं सरकणारं बोट त्याच्या हिशेबात गांडूळच.

भक्ष्य दिसलं की पुष्कळ टोड मागच्या पायाचं मधलं लांब बोट थरथरवतात, टपटप आपटतात. व्हिडिओ पाहून लोकांना झटका आल्यासारखं वाटतं. खरं तर ती शिकारीपूर्वीची उत्तेजना असते. केन टोडच्या बाबतीत हे बोट नुसतं थरथरत नाही, ते आमिषाचं काम करतं. ऑस्ट्रेलियात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मोठे केन टोड बोट हलवून आपल्याच जातीच्या लहान पिल्लांना जवळ ओढतात आणि खातात. म्हणून लहानमोठे टोड एका पेटीत ठेवू नयेत, अगदी "दोघांची मैत्री आहे" असं मुलीने शपथेवर सांगितलं तरी.

याच थरथरीचा दुसरा अर्थ कॅल्शियमची कमतरता. ओळखायची कशी? समोर भक्ष्य नाही, तरी बोटं आणि पाय आखडताहेत. दोन्ही बाजूंना होतंय. हातात घेतल्यावर अंग ताठ होतंय. जबडा रबरासारखा मऊ लागतोय. नुसत्या रातकिड्यांवर वाढवलेल्या टोडला हे हमखास होतं, कारण रातकिड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. खाण्याआधी किड्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरायची, आणि ड जीवनसत्त्वासाठी भुकटी किंवा सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा, दोहोंपैकी काहीतरी हवंच. आखडी आलेली असेल तर भुकटीने भागत नाही, इंजेक्शन किंवा औषध लागतं.

खाताना डोळे आत ओढले जातात, तेही पाहून पुष्कळ जण दचकतात. अकरावी-बारावीला बेडूक कापलेल्यांना आठवत असेल: बेडकाच्या डोळ्याखाली तोंडाच्या छताला हाडच नसतं, वरून दाबलं की बुबुळाचा गोळा तोंडात उतरतो. टोड-बेडूक याचा उपयोग घास घशाकडे ढकलायला करतात. २००४ साली लेपर्ड बेडकांवर केलेल्या प्रयोगात डोळे आत ओढणारा स्नायू निकामी केल्यावर एका रातकिड्यासाठी सरासरी २.३ ऐवजी ४ वेळा गिळावं लागलं. जेवताना डोळे मिचकावणं म्हणजे टोडचं चावणंच समजा.

नेम चुकणारा टोड

भूक आहे, वळतो, झडप घालतो, पण किडा हाती लागत नाही. हे लक्षण हसण्यावारी नेलं जातं. एखाददुसऱ्या वेळी नेम सगळ्यांचाच चुकतो. पण आधी न चुकणारा टोड आता रोज चुकत असेल, तर प्रश्न डोळ्याचा आहे की जिभेचा, हे पाहायला हवं.

डोळ्याचं जुनं उदाहरण इंग्लंडातल्या डेव्हनमधलं आहे. तिथल्या अर्स्कॉट नावाच्या कुटुंबाच्या घराच्या पायऱ्यांखाली एक टोड राहायचा. संध्याकाळी मेणबत्ती लागली की बाहेर यायचा आणि मला टेबलावर उचलून ठेवा अशा आशेने वर बघायचा. तिथे त्याला अळ्या मिळायच्या. थॉमस पेनंट या निसर्गअभ्यासकाने अठराव्या शतकात त्याची हकीकत नोंदवून ठेवली. हा टोड तिथे ३६ वर्षं होता. मग पाळलेल्या डोमकावळ्याने त्याचा एक डोळा फोडला. त्यानंतर तो वर्षभर जगला, पण एका डोळ्याने अंतर जुळेना, घास सुटायला लागला. जीभ किती लांब फेकायची हे टोड दोन डोळ्यांनी मोजतो, हे त्या घरच्या माणसांनी कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय टिपलं होतं. नेम सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर त्या बाजूचा डोळा उजेडात नीट पाहा: ढगाळ, सुजलेला किंवा मिटलेला आहे का.

जिभेचा प्रश्न जास्त फसवा आहे. जीभ बाहेर येते, किड्याला लागतेही, पण किडा चिकटत नाही. हे कोडं उलगडलं त्यात वायोमिंग टोडचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एका छोट्याशा भागातच असणारा हा टोड १९८४ साली संकटग्रस्त ठरवला गेला, संपला असंच वाटत होतं, आणि १९८७ मध्ये मॉर्टेन्सन तळ्यावर पुन्हा सापडला. त्याला वाचवायला प्राणिसंग्रहालयांत पैदास सुरू झाली. तिथे काही टोडांची जीभ आखूड पडल्यासारखी झाली, त्यांना भक्ष्य पकडता येईना आणि भरल्या ताटासमोर ते खंगत गेले. जिभेची लांबी मुळात कमी झालेली नव्हती. अ जीवनसत्त्वाच्या अभावी जिभेवरचा चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथींचा थर बदलून कोरडा, खरखरीत झाला होता.

त्या स्रावाचं महत्त्व नंतरच्या संशोधनाने आणखी स्पष्ट केलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की बेडकाची जीभ विलक्षण मऊ असते आणि तिच्यावरची लाळ भक्ष्यावर आदळताना पातळ होऊन फटीफटींत शिरते, तर जीभ मागे येताना घट्ट होऊन किडा धरून ठेवते. ही लाळच नसेल तर नेम कितीही अचूक असून उपयोग काय?

उपाय वाटतो तितका सोपा नाही. गाजर खाल्लेले किडे दिले की झालं, असं सांगितलं जातं. गाजरात असतं ते बीटा कॅरोटीन, आणि बऱ्याच उभयचरांना त्याचं अ जीवनसत्त्व नीट बनवता येत नाही. तयार अ जीवनसत्त्व असलेली भुकटी लागते, आणि ती अति झाली तरी अपाय करते. प्रमाण डॉक्टरकडूनच ठरवून घ्या.

पाणी, फुगणं आणि गाडलं जाणं

टोड तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागच्या भागावर आणि मांड्यांच्या आत पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते, ती ओल्या जागेवर दाबून बसलं की पाणी आत जातं. म्हणून संध्याकाळी वाटीत बसणं म्हणजे त्याचं पाणी पिणं. त्याच वाटीत तो हगतो-मुततोही, तेव्हा वाटी रोज धुवायची. दिवसचे दिवस वाटीबाहेरच न येणं मात्र वेगळं. माती कोरडी पडलीय, पेटी तापलीय किंवा अंगाची आग होतेय, यातलं काहीतरी असतं. अमेरिकन टोड साधारण १८ ते २४ अंश सेल्सियसमध्ये सुखात असतो. उन्हाळ्यात खिडकीपाशी ठेवलेली काचपेटी त्याला भाजून काढते.

पाण्याचाच आणखी एक घोळ. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, हे आपण घरी शिकलेलो असतो. पण अमेरिकेतल्या अनेक शहरांत पाण्यात क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनलेलं जंतुनाशक) असतं, सॅन फ्रान्सिस्कोत ते २००४ पासून आहे, आणि ते रात्रभरात उडत नाही. त्यामुळे पाणी बदललं की टोड अस्वस्थ होऊन काचेवर चढू लागतो, कातडी लालसर दिसते, आणि काही सुधारत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरामीन काढणारं द्रावण वापरा. पोटाला आणि मांड्यांना आलेली लाली पाणी बदलूनही टिकली तर ते जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं, आणि त्यात दिवस घालवण्यात अर्थ नाही.

फुगण्याचंही घड्याळच सांगतं. साप दिसला की टोड अंगात हवा भरतो, पाय ताठ करून उंच होतो, डोकं खाली झुकवून त्याच्याकडे करतो. गिळायला अवघड दिसणं एवढाच हेतू. घरात सापाची जागा व्हॅक्यूम क्लीनर, मांजर किंवा उत्साही पाहुणा घेतो. कारण दूर झालं की थोड्या वेळात हवा जाते. तासन्‌तास न उतरणारी, हाताला लिबलिबीत लागणारी फूग म्हणजे हवा नव्हे, कातडीखाली साठलेलं पाणी. मूत्रपिंड, हृदय किंवा संसर्ग, कारण काहीही असलं तरी ते घरी कळणार नाही.

उचलल्यावर मुतणं हा बचावाचा भाग. पण ते पाणी त्याने साठवून ठेवलेलं असतं, म्हणून वरचेवर उचलू नये. डोळ्यांमागच्या गाठींतून पांढरा, दुधाळ स्राव आला तर समजा तो जिवाच्या भीतीने बसलाय. तो स्राव विषारी असतो. हात साबणाने धुवा, कुत्र्याला लांब ठेवा.

दिवसा मातीत गाडून घेणं टोडसाठी नेहमीचंच. मागच्या पायांवरच्या टणक उंचवट्यांनी तो उकरत उकरत मागे मागे जातो आणि अदृश्य होतो. थंडीत घर उबदार असूनही काही टोड जेवण कमी करतात आणि आठवडाभर वर येत नाहीत. बाहेरचा अमेरिकन टोड हिवाळ्यात गोठणाऱ्या थराच्या खाली जाऊन झोपतो, ती सवय पेटीतही उरते. इथे सर्वांत विश्वासाचा साक्षीदार म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, अर्थात टोडसाठी वेगळा घेतलेला. आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. वजन टिकून आहे तोवर उपास त्याचा तो बघून घेईल. आठवड्यामागून आठवडा ते घसरत असेल, तर थंडीचं कारण देत बसू नका.

चिवचिवाट, मिठी आणि भूकंप

काखेत धरल्यावर चिवचिवणारा, अंग थरथरवणारा टोड बहुधा नर असतो. प्रजननाच्या काळात नर हलणाऱ्या कशालाही मिठी मारतात, दुसऱ्या नराला, बुटाला, तळ्यातल्या माशालाही. चुकून पकडला गेलेला नर मग "सोड, मी मादी नाही" अशा अर्थाचा आवाज काढतो. तुमची बोटं त्याच्या काखेत गेली की तोच निरोप तुम्हाला मिळतो. लाडाने बोलतोय असं मुलांना वाटू द्या हवं तर, पण खाली ठेवा.

काचेवर नाक घासत राहणं हा मात्र खरा त्रास. पारदर्शक भिंत त्याला समजत नाही. पेटीच्या तीन बाजूंना खालपर्यंत कागद लावला, लपायला जागा दिली की बरेचदा थांबतं.

टोडला भूकंप आधीच कळतो का, हे कुणीतरी हमखास विचारतं. इटलीत लाक्विला इथे ६ एप्रिल २००९ ला भूकंप झाला, त्याच्या ५ दिवस आधी केंद्रापासून ७४ किलोमीटरवरच्या एका तळ्यातले ९६ टक्के नर टोड विणीचा हंगाम सोडून निघून गेले, असं तिथे अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलं. नोंद खरी आहे, पण ती एका तळ्याची आणि एका भूकंपाची आहे. तुमचा टोड आज पेटीत येरझाऱ्या घालतोय त्याचं कारण बहुतेक बाहेर आलेला पाऊस असेल. हवेतला ओलावा वाढला की टोड फिरायला लागतात, पेटीतलेसुद्धा.

डॉक्टरकडे जाताना

सगळे पशुवैद्य उभयचर तपासत नाहीत. टोड ठणठणीत असतानाच फोन करून जवळ कोण तपासतं ते विचारून ठेवा. नेताना झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा आणि क्लोरीन काढलेल्या पाण्यात भिजवून पिळलेला पेपर टॉवेल पुरतो. पाणी भरून नेऊ नका, थकलेला टोड बुडू शकतो. ताजी विष्ठा, वजनाची वही आणि तो व्हिडिओ सोबत घ्या. टोड डॉक्टरसमोर ती हालचाल करणार नाही, याची जवळजवळ खात्री बाळगा. कायट्रिडचा संशय असेल तर कातडीवरून कापसाची काडी फिरवून तपासणी होते आणि वेळेत कळलं तर बुरशीनाशक औषधाने तो बरा होऊ शकतो.

गुदद्वारातून गुलाबी मांस बाहेर आलं असेल तर ते ओलं ठेवा आणि त्याच दिवशी निघा. आणि घरातल्या औषधाच्या डब्याला हात लावू नका. टोडची कातडी जे लागेल ते शोषून घेते. जखमेवर लावायच्या काही मलमांत दुखणं थांबवायला बेन्झोकेनसारखा घटक असतो, आणि बेडकांना कायमची भूल द्यायला पशुवैद्य नेमका तोच वापरतात.